मागच्या आसाचा आवाज

श्री

महाबळेश्वर,
९ एप्रिल १९७८

ती. सौ. अक्का यांस,
धाकट्या नाथाजीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या पत्रात पहिल्या पानावर शिव्या आणि दुसऱ्या पानावर चौकशी असते, म्हणून हल्ली मी दुसऱ्या पानापासूनच वाचायला घेतो. आम्ही दोघं बरी आहोत. राहीला पाचवा लागला. वाईच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सगळं जागच्या जागी आहे म्हणाल्या, पण मागं दोनदा पोटात राहून गेलंय हे विसरू नका म्हणून बजावलं. जड उचलायचं नाही, धक्के बसू द्यायचे नाहीत आणि पावसाळ्यात वर राहायचं नाही. इथला पाऊस तुला ठाऊक आहे. आठ-आठ दिवस दाराबाहेर पाऊल टाकता येत नाही, डॉक्टर कुठून आणणार? म्हणून पाऊस लागायच्या आत तिला तुझ्याकडे कुंडलला आणून सोडायचं ठरवलंय. तिला आई नाही. माहेर म्हणायचं ते तुझंच घर.

एस.टी.त तिचे हाल होतील, तेव्हा आपल्याच टॅक्सीतून हळूहळू आणीन. पण गाडीनंही सध्या नखरे सुरू केलेत. महिनाभर झाला, जरा वेग घेतला की मागून घुंई असा आवाज येतो, आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की तोच आवाज चढतो. गिऱ्हाइकांना वाटतं घाटातला वारा आहे. मीही वाराच म्हणून सांगतो.

साताऱ्याला एजन्सीत सर्व्हिसिंगला नेली होती. तिथं काउंटरवर मुतालिक नावाचे एक साहेब बसतात. त्यांनी स्वतः गाडी चालवून आणली आणि सांगितलं, की मागच्या आसाच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, डिफरन्शियल, त्यातलं बेअरिंग गेलंय. गोळा उघडून बेअरिंग आणि सील बदलावं लागेल, सामान पुण्याहून येईल, गाडी दहा-बारा दिवस उभी राहील. हे सांगता सांगता त्यांनी नवी सीटकव्हरं, गाडीला पॉलिश आणि मागच्या काचेला पडदासुद्धा सुचवला. गेल्या साली याच गृहस्थांनी माझी क्लच प्लेट बदलायला लावली होती. काढलेली जुनी प्लेट मी मागून आणली, ती इथल्या एकानं आपल्या गाडीला घातली, आणि त्याची गाडी अजून मजेत पळते आहे. आता यांचं पडद्याचं खोटं आणि बेअरिंगचं खरं, हे मी कसं ओळखायचं? त्यातून हे दोन महिने म्हणजे आमची सुगी. आत्ता गाडी उभी केली तर पावसाळ्यात खायचं काय?

दाजींना विचार. त्यांचा शब्द मला त्या काउंटरपेक्षा मोठा आहे.

कळावे. शिव्या कमी आणि माया जास्त असावी.
तुझा नाथा

•

श्री

कुंडल,
१७ एप्रिल १९७८

चि. नाथास,
अक्काचे पुष्कळ आशीर्वाद.

शिव्या खाल्ल्याशिवाय तुला अन्न गोड लागत नाही हे लहानपणापासून बघत आलेय, तेव्हा त्या मिळतीलच. राहीला पाण्याचा हंडा उचलू देतोस का नाही ते आधी कळव. डॉक्टरीणबाई वाईत बसून सांगणार, हंडा तुझ्या दारात.

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. राहीला इकडे आणायचं म्हटल्यावर तुझे दाजी जागचे उठले आणि माडीवरच्या खोलीतल्या पेंडीच्या पोत्यांना हात घातला. अजून दीड महिना आहे म्हटलं तर ऐकेनात. आमच्या घरात बारा वर्षांत पाळणा हलला नाही हे कुणी बोलून दाखवत नाही, पण त्यांच्या मनातून ते जात नाही. कुणाचं का असेना, मूल आपल्या घरात जन्माला येणार, एवढ्यावर माणूस निम्मा उतरला वयानं.

गाडीचं म्हणशील, तर ते हसले. म्हणाले, लडाखात असल्या आवाजावर त्यांनी आख्खा हिवाळा ट्रक हाकला. आवाज हाय म्हंजे गाडी जित्ती हाय, त्याला काय भ्यायचं? कंपनीची माणसं पोट भरायला असं सांगतात, त्या गोळ्यात हात घालू देऊ नको म्हणाले. फौजेत चौदा वर्षं गाड्या चालवलेल्या माणसापुढं मी काय बोलणार.

मला विचारशील तर मला तो मुतालिक आवडला नाही. पण पडदे विकायला बघणारा माणूस दर खेपेला खोटंच बोलतो असंही नाही. अजून कुणाला तरी दाखव. हे माझं मत आहे, यांना कळवू नकोस, उगाच घरात तोंडं फुगतील.

राहीला आशीर्वाद. वेळच्या वेळी पत्र टाकून आमच्यावर लोभ आहे हे दाखवत जा.
तुझी अक्का

•

श्री

महाबळेश्वर,
२७ एप्रिल १९७८

ती. सौ. अक्का यांस,
नाथाजीचा सा. न. वि. वि.

हंडा मीच उचलतो. शेजारच्या बायका हसतात, हसू देत.

तुझं ऐकून पाचगणीच्या बाळासो मिस्त्रीला गाडी दाखवली. त्यानं मागचं चाक उचलून हातानं फिरवलं, कान लावला आणि गोळा उघड म्हणाला. त्याच्याकडे सामान नाही, म्हणजे फिरून साताराच आला. मी सुगी संपल्यावर बघू म्हणून निघून आलो. 

आवाज वाढलाय. आता तो वारा म्हणून खपत नाही. परवा मुंबईच्या एक बाई पॉइंटवर माझ्या गाडीतून उतरल्या आणि येताना दुसरी टॅक्सी करून गेल्या. स्टँडवर लोक मला नंबर विचारत नाहीत, ती रडणारी गाडी कुठली म्हणून विचारतात. सकाळी गाडी हलवली की खाली तेलाचा हातभर डाग असतो. राहीला बाजारात नेलं तर ती सगळी वाट सीटची कड धरून बसली. म्हणाली, गाडी ओरडायला लागली की पोटातलं हालायचं थांबतं. मी तिला वेड्यात काढलं, पण त्या दिवसापासून तिला गाडीत घ्यायचं मीच टाळतो.

दाजींना नीट विचार. आवाज घालवायचा काही उपाय आहे का?

कळावे. लेकरावर लक्ष असू द्यावे.
तुझा नाथा

•

श्री

कुंडल,
५ मे १९७८

चि. नाथास,
आशीर्वाद.

उपाय मिळाला. हे सांगतात तसं लिहिते, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

आपल्या गुऱ्हाळावर चरकाचे दाते कुरकुरायला लागले की हे काय करतात ते तू पाहिलंयस. लाकडाचा अगदी बारीक भुसा वस्त्रगाळ करायचा, तो ग्रीसमध्ये कालवायचा, वरून चांगलं वाटीभर एरंडेल, आणि तो लगदा दात्यांत भरायचा. चरक लोण्यावर चालल्यासारखा चालतो. यंदाचा आख्खा हंगाम त्यावर गेला, पंचक्रोशीतले गुऱ्हाळवाले येऊन विचारून जातात. हे म्हणाले, दाते ते दाते, उसाला असूत न्हाईतर गाडीला. गोळ्याला वरून तेल घालायचं भोक असतं, त्यातून तो लगदा ठासून भर आणि गाडी दोन मैल हळू चालव. आवाज राहिला तर माझं नाव आकाराम न्हवं, म्हणून सांगितलंय.

नाथा, आता असं बघ. यांनी एवढं मनावर घेऊन सांगितलंय, दोनदा माझ्याकडून वाचून घेतलं. तू केलं नाहीस तर त्यांना ते लागेल. आपले वडील असते तर तेही म्हणाले असते, की जावयाचा शब्द खाली पडू देऊ नका. करून कळव.

राहीच्या पोटातलं हालतं ना आता? मला ते वाक्य वाचल्यापासून चैन नाही.

सर्वांवर आहे तशीच माया ठेव.
तुझी अक्का

•

श्री

महाबळेश्वर,
१४ मे १९७८

ती. सौ. अक्का व ती. दाजी यांस,
नाथाजीचा साष्टांग नमस्कार वि. वि.

दाजी, तुमचे पाय कुठं आहेत? आवाज गेला!

इथं पाहुण्यांसाठी हातातल्या काठ्या कातणारे कारागीर आहेत, त्यांच्याकडचा भुसा पिठासारखा बारीक. तो आणून तुम्ही सांगितल्याप्रमाणे सगळं केलं. दोन मैल नाही, वेण्णा तलावापर्यंत गेलो आणि परत आलो. गाडीचा आवाज नाही की चूं नाही. स्टँडवरच्या पोरांना खरं वाटेना. रडणारी गाडी गप्प कुणी केली म्हणून विचारतात, मी सांगतो की आमचे दाजी कुंडलला आहेत, येऊन पाया पडा. तेलाचा डाग पडायचा तोही बंद झाला. खालची फरशी कोरडी ठणठणीत.

राही एकटी खूश नाही. गाडीत बसली की सारखी मान वळवून मागं बघते. काय बघतेस विचारलं तर म्हणाली, ओरडत होती तेव्हा निदान कुठं आहे ते कळत होतं. गरोदर बाईच्या बोलण्याचा अर्थ किती लावायचा! अक्का, पोटातलं आता चांगलं हालतं, काळजी करू नकोस.

जूनच्या पहिल्या आठवड्यात निघू.

कळावे. आपल्या दोघांचा हात डोक्यावर असावा.
आपला नाथा

•

श्री

महाबळेश्वर,
२९ मे १९७८

ती. सौ. अक्का यांस,
नाथाजीचा सा. न. वि. वि.

हे पत्र तू एकटी वाच.

चार-पाच दिवसांपासून वाईहून चढून आलं की गाडीच्या मागं जळका वास येतो. मी ब्रेकचा असेल म्हणून सोडून दिलं. शनिवारी रस्त्यातल्या डबक्यातून गेलो तर मागून तव्यावर पाणी पडावं तसं चर्र झालं. तरी मी मनावर घेतलं नाही. आवाज नव्हता ना.

काल तेच मुतालिक साहेब बायकामुलांना घेऊन इथं हवा खायला आले होते. स्टँडवर मला ओळखून त्यांनी गाडीचं विचारलं. मी छाती काढून सांगितलं, की आवाज आपोआप गेला. त्यांचा चेहराच उतरला. म्हणाले, तो आवाज आपोआप जात नसतो, आणि गेला असेल तर दुखणं आणखी आत गेलंय. बायकोसमोर, स्वच्छ कपड्यांनिशी ते रस्त्यावर गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी गोळ्याला हात लावला. हात भाजला त्यांचा. मग मला बाजूला घेऊन सांगितलं, की ही गाडी घाट उतरवू नका. उतारावर आत धरलं तर मागची चाकं जागच्या जागी थांबतील आणि मग गाडी कुणाच्याच हातात राहणार नाही. आत कुणी काही भरलंय का, असंही त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. परक्या माणसापुढं दाजींचं नाव कशाला काढायचं?

अक्का, हा माणूस खोटं बोलत नव्हता. मी गाडी दारात उभी केली आहे. राहीला अर्जुनाच्या टॅक्सीतून शुक्रवारी घेऊन येतो. तो माझा जोडीदार आहे, सांभाळून आणील. दाजींना लगद्याबद्दल एक अक्षर बोलू नकोस. पुण्याचं सामान आलं म्हणून गाडी उभी केली, एवढंच सांग. त्यांनी किती आपलेपणानं सांगितलं होतं, त्यांचं मन मोडायला नको.

कळावे. माझ्यावर राग नसावा.
तुझा नाथा

•

श्री

कुंडल,
२९ मे १९७८

चि. नाथास,
आशीर्वाद.

घाईत लिहिते आहे. तुझे दाजी गुरुवारी सकाळी निघतात, कराडहून एस.टी. धरून तिकडे येतील. राहीला आणायला मी स्वतः जाणार, म्हणून आठवडाभर चाललंय. घाटात नाथाच्या हाती द्यायची न्हाई, पोटुशी बाई हाय, मी चालवनार, असं साऱ्या गावाला सांगून झालं. तुझं आवाज गेल्याचं पत्र त्यांनी खिशात घालून चावडीपासून सोसायटीपर्यंत दाखवलं. फौजेतून आल्यावर इतके खुशीत मी त्यांना पाहिलेलं नाही. हजामत करून घेतली, कोटाला इस्त्री केली. मी म्हटलं, लेकीला आणायला निघालात का नवरी बघायला? तर लाजले.

मलाही यायचं होतं, पण सासूबाईंना अंथरुणावर टाकून कशी येऊ?

त्यांच्या जेवणात तिखट कमी घाल. आणि नाथा, ते म्हणतील तसं होऊ दे, वाद घालू नकोस. एवढी एक हौस त्यांची पुरी होऊ दे.

आम्ही वाट बघतो. जिवाला जपून या.
तुझी अक्का

•

श्री

वाई,
११ जून १९७८

ती. सौ. वन्सं यांना,
राहीचा सा. न. वि. वि.

माझं अक्षर वाकडं आहे, सांभाळून घ्या. मी चौथीपर्यंतच शिकले. हे लिहून देतो म्हणाले होते, पण हे पत्र त्यांच्या हातून लिहून घेता येत नाही.

तारेत सगळे सुखरूप, येऊ नये, असं घातलं होतं. ते खरं नव्हतं. यांच्या हातून तेवढंच लिहवलं.

दाजी आले त्या दिवशी घरात सण होता. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्जुना भाऊंची टॅक्सी दारात आली. दाजींनी ती परत पाठवली. घरची गाडी असताना आमची लेक भाड्याच्या गाडीतून का म्हणून जाईल, म्हणाले. यांनी सांगितलं, की साताऱ्याच्या साहेबांनी घाट उतरू नका म्हटलंय. एकदाच सांगितलं, तेही खाली बघून. दाजी हसले. गाडी चालू केली, बाजारातून फेरी मारून आले आणि म्हणाले, लय ध्यान दिऊन ऐकलं, आवाज कुठं हाय दाव. त्या काउंटरवाल्याला जास्त कळतं का मला? वन्सं, आपल्या घरात जावयाला नाही म्हणत नाहीत. यांनी भुशामुळं आवाज दबलाय एवढे चार शब्द बोलायला हवे होते. बोलले नाहीत. मलाही सगळं माहीत होतं, मीही डोक्यावरचा पदर सारखा करून मागं बसले.

पाचगणी सोडेपर्यंत बरं चाललं होतं. दाजी मला बाळाचं नाव काय ठेवायचं ते विचारत होते. पसरणीचा घाट निम्मा उतरल्यावर जळका वास आला, आणि मागची दोन्ही चाकं एकदम धरली. गाडी दरीकडं फिरली. दाजींनी कसं केलं देव जाणे, पण गाडी ओढून डोंगराच्या अंगाला नेऊन घातली. बघायला आलेले सगळे म्हणतात, दुसरा कुणी असता तर तिघंही खाली गेली असती. ते खरंच आहे. त्यांचं मनगट मोडलं, यांच्या कपाळाला टाके पडले. मी पुढच्या सीटवर पोटावर आदळले.

मुलगा होता. त्याच दिवशी गेला.

गाडी इथल्या गॅरेजात ओढून आणली. मिस्त्रीनं गोळा उघडला तेव्हा आत तेल नव्हतंच, काळा जळलेला लगदा निघाला. हे कुणी भरलं म्हणून त्यानं विचारलं. यांनी सांगितलं, गाडी जुनी घेतलेली आहे, आधीच्या मालकानं भरलं असेल. दवाखान्यात माझ्याकडं आल्यावर मला सांगितलं आणि भिंतीकडं तोंड करून बसले. त्या दिवसापासून माझ्याशीही नीट बोलत नाहीत.

गोळ्यात काय निघालं ते दाजींना माहीत नाही. ते सकाळपासून माझ्या खाटेशी बसतात. एका हातानं मोसंबी सोलून देतात. जो येईल त्याला सांगतात, की गाडी अगदी गप्प चालली होती, एजन्सीवाल्यांनीच सर्व्हिसिंगला काहीतरी घोळ करून ठेवला. प्लास्टर निघालं की साताऱ्याला जाऊन त्या मुतालिकाची गचांडी धरणार म्हणतात. परवा ते साहेब आपणहून मला बघायला आले. दाजी त्यांना नको नको ते बोलले, तुम्ही आमच्या लेकराला मारलं म्हणाले. साहेबांनी एकदा यांच्याकडं बघितलं. हे खिडकीबाहेर तोंड करून उभे होते. मग साहेब खाली मान घालून सगळं ऐकून घेऊन निघून गेले. त्या वेळी माझ्या ओठावर आलं होतं. मी पदर तोंडात धरला.

वन्सं, दाजींनी मला बापाची माया दिली. त्यांना कळलं तर तो माणूस उभा राहणार नाही, हे मला कळतं. त्यांचा हेतू चांगला होता हेही कळतं. पण माझं मन आता चांगलं राहिलेलं नाही. मला दूध येतं. दूध आलं की समोर ते बसलेले असतात, मोसंबीच्या फोडी ताटलीत मांडून. हे बोलणार नाहीत, जन्मभर बोलणार नाहीत. मी बोलेन. आज नाही तर उद्या बोलेन, आणि मला बोलायला बरं वाटेल, याची मला भीती वाटते.

तुमच्या सासूबाईंना कुणापाशी तरी ठेवून तुम्ही या आणि दाजींना घरी घेऊन जा. पत्र मिळाल्या दिवशी निघा. माझ्यासाठी थांबू नका, मला न्यायला नंतर कुणीही आलं तरी चालेल.

मोठ्यांना नमस्कार. आपल्या दोन घरांत लोभ आहे, तो राहावा म्हणूनच लिहिलं.
आपली,
राही